मलेरिया ही वस्तू की घटना?

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मलेरियासाठी पाच क्रमांक आहेत. बी५० फाल्सिपेरमचा, बी५१ व्हायवॅक्सचा, बी५२ मलेरिई जातीचा. बी५३ मध्ये तपासणीत परोपजीवी सापडलेले बाकीचे मलेरिये येतात. आणि शेवटी बी५४ : अनिर्दिष्ट मलेरिया.

हा शेवटचा मलेरिया कुणालाच होत नाही. ज्याच्या कागदावर बी५४ लिहिलंय त्याला खरोखर मलेरिया झाला असेल, तर त्याच्या रक्तात कुठल्या तरी ठरावीक जातीचा परोपजीवी असणारच. ती जात कोणती, एवढंच नोंद करणाऱ्याला कळलेलं नसतं. उद्या रक्ताची काचपट्टी पुन्हा तपासली आणि बी५४ खोडून बी५१ लिहिलं, तर रुग्णाच्या शरीरात तसूभरही फरक पडत नाही. फरक पडतो तो आपल्या माहितीत.

रुग्णांची आणि मृत्यूंची मोजदाद करायला हे वर्गीकरण बनलंय आणि त्या कामाला असा एक रकाना लागतोच. पण हाच तक्ता संगणकाच्या हाती देऊन मलेरियाचे प्रकार विचारले, तर तो जगातल्या गोष्टी आणि आपल्या माहितीची अवस्था यांची एकाच यादीत सरमिसळ करून टाकतो. माणूस हे वाचताना मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. यंत्राला ते जमावं यासाठी जगाची मांडणी मुळापासून करावी लागते. जगात काय काय आहे, काय कशाचा प्रकार आहे, काय कशाचा भाग आहे, काय कशाच्या आधारानं टिकून आहे, हे माणसाला वाचता येईल आणि संगणकाला त्यावर तर्क चालवता येईल अशा रीतीनं लिहून ठेवणं, याला आज ऑन्टॉलॉजी म्हणतात. या कामाच्या तळाशी अडीच हजार वर्षांचं तत्त्वज्ञान बसलेलं आहे, आणि ते रोजच्या वापरात आहे. मला याचं नवल अजून ओसरत नाही.

जीवशास्त्रात याची मोठी सुरुवात १९९८ मध्ये झाली. फळमाशी, यीस्ट आणि उंदीर या तीन जीवांच्या जनुकांचे तीन वेगवेगळे माहितीसाठे होते आणि त्यांतल्या शब्दांचा एकमेकांशी मेळ नव्हता. माशीतलं एक जनुक आणि उंदरातलं एक जनुक पेशीत तेच काम करत असलं, तरी दोन्हीकडची वर्णनं जुळवून पाहायची सोय नव्हती. या तिन्ही साठ्यांच्या लोकांनी मिळून ‘जीन ऑन्टॉलॉजी’ उभारली. आज तिच्यात ४० हजारांच्या आसपास संज्ञा आहेत.

सुरुवातीच्या काळातला तिथला एक पेच मला फार शिकवून गेला. कायटिन हा कीटकांच्या कवचातला पदार्थ. माशीवर काम करणाऱ्यांनी ‘कवचाची घडण’ या संज्ञेखाली ‘कायटिनची चयापचय क्रिया’ ठेवली. माशीपुरतं हे बरोबरच होतं. पण यीस्टच्या पेशीभित्तीतही कायटिन असतं. यीस्टमधलं कायटिन बनवणारं जनुक कुणी त्या संज्ञेला जोडलं, की संगणक पायरीपायरीनं वर चढून सांगणार : हे जनुक कवच घडवतं. आणि यीस्टला कवच कुठलं! शेवटी कवचातलं कायटिन आणि पेशीभित्तीतलं कायटिन अशा दोन संज्ञा वेगळ्या काढाव्या लागल्या. त्यातून एक नियम पक्का झाला. कुठल्याही संज्ञेपासून कुठल्याही वाटेनं वर चढत गेलं, तरी शेंड्यापर्यंतचं प्रत्येक विधान खरं निघालं पाहिजे. प्रत्येक, प्रत्येक वेळी, अपवाद न ठेवता. वाचायला सोपा वाटणारा हा नियम पाळायला बसलं, की आपण बोलताना किती गोष्टी गृहीत धरतो ते एकेक करून समोर येऊ लागतं.

जीन ऑन्टॉलॉजी गाजली आणि मग शरीररचनेची, रसायनांची, पेशींची, रोगांची अशा अनेक ऑन्टॉलॉजी निघाल्या. प्रत्येकीनं आपल्या माथ्यावर आपापली मोठी खाती पाडली. एकीत ‘घटना’ म्हणजे एक, दुसरीत दुसरंच. शब्दांचा घोळ निस्तरायला निघालेल्या शास्त्राची एक पायरी वर गेल्यावर पुन्हा तीच गत झाली. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावर एकच, सामाईक, अगदी लहान ऑन्टॉलॉजी. तिच्यात कुठल्याच विषयाचं काही नसावं, आणि कुठलाही विषय तिच्याखाली बसावा.

अशा सामाईक ऑन्टॉलॉजींत सर्वांत जास्त वापरली जाते ती बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी, म्हणजे बीएफओ. तिच्यामागचं मुख्य नाव बॅरी स्मिथ. हा माणूस मुळात तत्त्वज्ञानाचा. एडमंड हुसेर्लनं १९००-०१ मध्ये भाग आणि पूर्ण, आधार आणि आधारित यांचा जो सिद्धान्त मांडला, त्याच्या अभ्यासात त्याची उमेदीची वर्षं गेली. २००२ मध्ये जर्मनीतल्या लाइप्झिगला त्यानं वैद्यकीय माहितीच्या ऑन्टॉलॉजीसाठी संस्था काढली आणि बीएफओ तिथं आकाराला आली. पुढे तो अमेरिकेत बफेलो विद्यापीठातून हे काम करत राहिला. २०२१ मध्ये बीएफओ आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झाली. बोल्ट-नटांच्या मापांना मानक ठरवणाऱ्या संघटनेनं ‘असणं किती तऱ्हांचं असतं’ याचंही मानक ठरवावं, हे वाचून मी कितीतरी वेळ त्या ओळीवरच थांबलो होतो.

बीएफओमध्ये चाळीसही संज्ञा नाहीत. तिच्यात पेशी नाही, डास नाही, पैसा नाही, नदी नाही. पहिलाच फाटा असा : जे आहे ते एक तर टिकून राहणारं असतं, नाही तर घडणारं असतं. टिकून राहणारं, म्हणजे कंटिन्युअंट, प्रत्येक क्षणी पूर्णच्या पूर्ण हजर असतं. डास या क्षणी अख्खा इथं आहे. घडणारं, म्हणजे ऑकरंट, काळात पसरलेलं असतं आणि कुठल्याही एका क्षणी त्याचा तुकडाच हाती लागतो. डासाचं चावणं या क्षणी अख्खं इथं नाही. थोडं झालेलं आहे, थोडं व्हायचं आहे.

पुढचा फाटा टिकणाऱ्या गोष्टींत. काही स्वतःच्या पायावर उभ्या असतात, काहींना आधार लागतो. तापलेल्या कपाळाचं तापमान कपाळ निघून गेल्यावर खोलीत एकटं उरत नाही. ते गुणात जमा. आधारावर राहणाऱ्यांतच आणखी एक गट येतो. त्यातल्या गोष्टी एरवी गप्प असतात आणि प्रसंग आला की घटनेच्या रूपानं प्रकट होतात. भूमिका, प्रवृत्ती आणि कार्य या त्या गोष्टी. भूमिका आणि प्रवृत्ती ओळखायची एक सुरेख कसोटी आहे. विचारायचं, ‘ही गोष्ट नाहीशी व्हायला त्या वस्तूच्या अंगात काही बदलावं लागेल का?’ रुग्ण असणं ही भूमिका. दवाखान्यातून सुटीच्या कागदावर सही झाली की ती संपते आणि शरीरात काहीही हलत नाही. मलेरिया मात्र सहीनं जात नाही.

मग मलेरिया नेमका काय? वैद्यकाच्या सर्वसाधारण ऑन्टॉलॉजीनं, म्हणजे ओजीएमएसनं, बीएफओवर उभं राहून याचं उत्तर दिलंय. एकाच शब्दात आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबतो, असं तिचं म्हणणं. शरीरातला बिघाड ही एक गोष्ट : यकृतात, रक्तपेशींत बसलेले परोपजीवी आणि त्यांनी केलेली मोडतोड. हा बिघाड भौतिक आहे, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. त्या बिघाडामुळे शरीरात आलेली, आजारपणाच्या घटना घडवण्याची प्रवृत्ती ही दुसरी, आणि रोग म्हणायचं ते हिला. थंडी, हुडहुडी, ताप, घाम हा सगळा क्रम ही तिसरी. ती घडणाऱ्यांत मोडते. आणि डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं निदान ही चौथी. ती माहिती आहे. कागदावरून फोनवर आणि फोनवरून संगणकात गेली तरी तीच राहते.

रोगाला प्रवृत्ती म्हणणं पहिल्यांदा विचित्र वाटतं. पण व्हायवॅक्स मलेरियाकडे पाहा. त्याचे काही परोपजीवी यकृताच्या पेशींत निपचित पडून राहतात. माणूस कामाला जातो, जेवतो, झोपतो, ताप नाही. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, नव्यानं डास न चावताही ताप उलटतो. मधल्या काळात त्याला मलेरिया होता की नव्हता? रोग म्हणजे घटनांचा क्रम असं म्हटलं तर ‘नव्हता’ म्हणावं लागेल आणि मग तो परत कुठून आला हे सांगता येणार नाही. रोग म्हणजे प्रवृत्ती म्हटलं की उत्तर सरळ येतं : बिघाड होता, प्रवृत्ती होती, घटना थांबलेल्या होत्या.

आपल्याकडे व्हायवॅक्सला दोन औषधं देतात ती याच फटीवर बोट ठेवून. तीन दिवसांच्या क्लोरोक्विननं रक्तातले परोपजीवी मरतात आणि ताप उतरतो. यकृतात दडलेल्यांसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस. ताप गेला म्हणून ते मध्येच सोडणारा माणूस घटना थांबली म्हणजे प्रवृत्ती गेली असं धरून चालतो. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातला फरक इथं गोळ्यांच्या पाकिटावर उतरलेला दिसतो.

प्रवृत्तीला अडवणारी प्रवृत्तीही असते. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी समाजांत सिकलसेलचं जनुक बरंच आढळतं. आईवडिलांपैकी एकाकडूनच ते मिळालेला माणूस सहसा निरोगी असतो, आणि फाल्सिपेरमच्या तीव्र मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. त्याच्या अंगात असं काही आहे जे एक घटना घडू देत नाही. न घडलेल्या घटनेमागचं कारण नोंदवायला तक्त्यात जागा हवी, आणि संसर्गजन्य रोगांच्या ऑन्टॉलॉजीवर काम करणाऱ्यांनी ती केली आहे. ज्यानं ती पहिल्यांदा सुचवली असेल त्याच्या बुद्धीला दाद द्यावीशी वाटते.

हे सगळं वाचताना मराठी वाचकाला ओळखीची चाहूल लागणार. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि पुढे जोडला गेलेला अभाव, हे वैशेषिकांचे सात पदार्थ. जे जे आहे ते या सातांत बसलं पाहिजे, असा त्यांचा दावा. द्रव्य आधार, गुण आणि कर्म त्याच्यावर राहणारे. कणादाच्या परंपरेनं उभारलेली ही खरोखरची सामाईक माथ्याची ऑन्टॉलॉजी होती. तर्कशास्त्र, वैद्यक, व्याकरण यांतले वाद तिच्या शब्दांत चालत. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या छोट्या ग्रंथानं पिढ्यानपिढ्या विद्यार्थी तयार केले. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांची त्याची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबईतच निघाली. बीएफओ आणि वैशेषिक एकच आहेत असं मी म्हणत नाही. वैशेषिकांनी काळाला द्रव्य मानलं, बीएफओ तसं मानत नाही. पण एखाद्या विषयाची ऑन्टॉलॉजी लिहायला शिकणाऱ्याला ‘तर्कसंग्रहा’इतका उपयोगी शेजार दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण व्याख्येचं. बीएफओच्या शिस्तीत प्रत्येक संज्ञेची व्याख्या एकाच साच्यात लिहायची : अमुक म्हणजे असा तमुक, की ज्याच्यात हा विशेष आहे. आधी वरची जात सांगायची, मग वेगळेपण. आता ती व्याख्या तपासायची कशी? अन्नंभट्ट गायीचं उदाहरण घेतो. गाय म्हणजे शिंगं असलेलं जनावर म्हटलं, तर म्हैसही आत येते : अतिव्याप्ती. कपिल रंगाचं म्हटलं, तर पांढरी गाय बाहेर राहते : अव्याप्ती. एका खुराचं म्हटलं, तर एकही गाय आत येत नाही : असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी सांगितली की लक्षण नेमकं बसतं. नवी ऑन्टॉलॉजी तपासताना लोक आजही हेच तीन प्रश्न विचारतात. ‘मलेरिया म्हणजे डासांमुळे होणारा ताप’ ही व्याख्या घेऊन पाहा. डेंगी आत येतो, आणि यकृतात निपचित पडलेला व्हायवॅक्स बाहेर राहतो. एका वाक्यात दोन दोष.

अभावाच्या बाबतीत दोन्ही परंपरा वेगळ्या वाटेनं जातात, आणि मला वाटतं तिथंच सगळ्यांत जास्त शिकायला मिळतं. केसपेपरवर ‘नाही’ फार असतो. ताप नाही, ॲलर्जी नाही, प्लीहा हाताला लागत नाही. बीएफओ ‘नसलेला ताप’ नावाची वस्तू मानत नाही. मग लिहायचं कसं? २००७ मध्ये वेर्नर क्युस्टर्स, पीटर एल्किन आणि स्मिथ यांनी ‘उणीव असणे’ असा एक संबंधच सुचवला : एका बाजूला हा विशिष्ट माणूस, दुसऱ्या बाजूला त्या प्रकारची गोष्ट, आणि मधला संबंध सांगतो की त्या प्रकारचं काहीही या माणसाशी जोडलेलं नाही. वैशेषिकांच्या जोडीच्या नैयायिकांनी अभावाला सरळ पदार्थ मानला, पण मोकाट सोडला नाही. अभाव म्हटला की कशाचा आणि कुठे, हे सांगावंच लागतं : प्रतियोगी आणि अधिकरण. दोन टोकांना बांधलेला ‘नाही’. शेकडो वर्षांच्या अंतरानं दोन्हीकडे रचना तीच निघाली.

नैयायिक याच्याही पुढे गेले. अजून उत्पन्न न झालेल्याचा प्रागभाव वेगळा, होऊन नष्ट झालेल्याचा प्रध्वंसाभाव वेगळा, कायमचा अत्यंताभाव वेगळा. शस्त्रक्रियेनं काढलेली प्लीहा आणि जन्मतःच नसलेली प्लीहा यांत डॉक्टरांच्या लेखी मोठा फरक आहे, आणि ‘प्लीहा नाही’ एवढ्या नोंदीत तो पुसला जातो. आरोग्याच्या नोंदींवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांनी हे प्रकरण मन लावून वाचावं.

प्रत्यक्ष शिकायला बसलं की प्रोटेजे नावाची आज्ञावली उघडायची. स्टॅनफर्ड विद्यापीठात ती तयार झाली आहे. बीएफओची फाइल तिच्यात घेतली की डाव्या बाजूला तो लहानसा वृक्ष दिसतो. आता त्याला आपल्या विषयाच्या फांद्या लावायच्या. समजा ‘ताप’ जोडायचा आहे. तापमान वाढलेलं असतं, म्हणून नवशिका तो गुणाखाली ठेवतो. मग आठवतं की ताप चढतो, राहतो, उतरतो. म्हणून त्याच संज्ञेला घडणाऱ्यांखालीही जोडतो. त्यानंतर तर्क चालवणारा भाग सुरू केला की ‘ताप’ हा शब्द लाल होतो. बीएफओत आधीच लिहून ठेवलंय की टिकणारं आणि घडणारं यांत सामाईक काहीच असू शकत नाही. म्हणून दोन्हीकडे पाय ठेवणारी संज्ञा जगात एकदाही सापडणार नाही, असं यंत्र सांगतं. मग बसून विचार करावा लागतो. वाढलेलं तापमान हा गुण एक, आणि ते वाढण्याची-उतरण्याची प्रक्रिया दुसरी. दोन संज्ञा लिहिल्या, दोघींमधला संबंध लिहिला, की लाली जाते. विषयातलं यंत्राला काहीही कळत नाही. तरी त्यानं आपल्या बोलण्यातली गाठ बरोबर दाखवलेली असते.

चुका ठरलेल्या असतात. ‘बोट’ हा ‘हाता’चा प्रकार म्हणून लावणं, तो भाग असतो हे विसरून. ‘मलेरिया प्रतिबंध’ हा मलेरियाचा प्रकार म्हणून लावणं. संबंधाची दिशा उलटी धरणं : प्रत्येक पेशीकेंद्रक कुठल्या तरी पेशीचा भाग असतं हे खरं, पण प्रत्येक पेशीत केंद्रक असतं हे खोटं. मलेरियाचा परोपजीवी ज्या पक्व लाल रक्तपेशीत राहतो, तिच्यातच ते नसतं.

या मांडणीला विरोधकही आहेत आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. इटलीत निकोला ग्वारिनो आणि सहकाऱ्यांनी बांधलेली डोल्चे ही दुसरी सामाईक ऑन्टॉलॉजी. माणसाची भाषा आणि समज जगाचे जे भाग पाडते तेच ती मांडू पाहते. जगाचे मूळ सांधे हाती लागले असा दावा करत नाही. तीही २०२३ मध्ये आयएसओ मानक झाली. बीएफओच्या खाली येणाऱ्या ऑन्टॉलॉजींत तरी सगळं स्थिर आहे का? जीन ऑन्टॉलॉजीतला ‘रेणूचं कार्य’ हा फाटा आधी टिकणाऱ्या, आधारावरच्या गोष्टींत धरला जाई. पुढे त्यांनी व्याख्या बदलली आणि आता तो रेणूच्या पातळीवरची प्रक्रिया मानला जातो. इतक्या वर्षांनी एवढा मोठा फाटा या कप्प्यातून त्या कप्प्यात हलवला गेला. मला यात कमीपणा दिसत नाही. काय हलवलं, कुठून कुठे आणि का, हे नेमकं सांगता आलं ते माथा सामाईक होता म्हणूनच. मात्र एका कामात दोन माथे घेऊ नयेत.

आणि हे फक्त प्रयोगशाळेतल्या लोकांचं काम नाही. पिकांच्या गुणधर्मांची एक ऑन्टॉलॉजी आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्रांनी चालवली आहे आणि तिच्यात ज्वारीही आहे. आता रब्बी ज्वारीवरचा चिकटा घ्या. पानावर मावा पडतो, तो गोडसर द्रव सोडतो, पानं चकाकतात, मग त्यावर काळी बुरशी धरते. शेतकरी म्हणतो, चिकटा पडला. अरगट बुरशीमुळे कणसातून जे चिकट थेंब पाझरतात त्यांनाही अनेक जण चिकटाच म्हणतात. यात किडा कोणता, द्रव कोणता, बिघाड कोणता, प्रवृत्ती कोणती आणि घडणारा क्रम कोणता? शिवारात उभ्या माणसाला हे सगळं ठाऊक असतं. ते वेगवेगळं लिहून ठेवायला बसलेला माणूस मात्र क्वचित भेटतो.

ऑन्टॉलॉजीतल्या प्रत्येक संज्ञेला एक क्रमांक असतो. जीन ऑन्टॉलॉजीतल्या ‘जैविक प्रक्रिये’चा ०००८१५० आहे. त्या क्रमांकाला कुठल्याही भाषेतलं नाव जोडता येतं. रचना तशीच राहते. बीएफओची फाइल खुली आहे, प्रोटेजे फुकट मिळतं, ‘तर्कसंग्रह’ कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात सापडतो. तुम्हाला जो विषय तळहातासारखा माहीत आहे, मग तो ज्वारीचा असो, मागाचा असो की बोटीचा, त्यातल्या वीस-पंचवीस शब्दांपासून सुरुवात करा, आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारा : हे टिकून राहतं, की घडतं?